काठी, साखळी आणि संगणक : बेलापूर परिसराच्या संदर्भात नकाशा-माहितीच्या रूपांतराचा इतिहास

प्रस्तावना

भौगोलिक माहिती प्रणाली अर्थात जीआयएस हा विषय गेल्या तीन दशकांत भूगोल विभागाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून तहसील कार्यालय, पाटबंधारे खाते, साखर कारखाना आणि ग्रामपंचायत यांच्यापर्यंत पोहोचला आहे. या विषयावरील बहुतेक लेखन तंत्रविषयक असते. एका आज्ञावलीत तयार झालेला नकाशा दुसऱ्या आज्ञावलीत कसा न्यावा, कोणती फाईल कोणत्या स्वरूपात बदलावी, अशा सूचना त्यात आढळतात. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः नकाशातील माहिती एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेण्याचे काम महाराष्ट्रात संगणकाच्या पुष्कळ आधीपासून चालत आले आहे. बिघ्याचा एकर झाला, एकराचा हेक्टर झाला, सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला, कागदाची फाईल झाली आणि आता एका फाईलीची दुसरी फाईल होत आहे.

प्रस्तुत निबंधात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठचे बेलापूर हे गाव आणि त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या रूपांतरांचा क्रम मांडला आहे. बेलापूरची निवड करण्यास तीन कारणे आहेत. येथील शेती प्रवरा कालव्यांमुळे बागायती झाली आणि त्यामुळे गुंठ्या-गुंठ्याला मोल आले. येथील जमिनीचा मोठा भाग साखर उद्योगाच्या निमित्ताने धारकांच्या हातून गेला व अनेक दशकांनी परत मोजावा लागला. आणि ‘बेलापूर’ हे नावच एकाहून अधिक ठिकाणी वापरले गेल्याने माहितीच्या रूपांतरातील एक वेगळी अडचण येथे स्पष्ट दिसते.

निबंधाचे प्रमुख प्रतिपादन असे : प्रत्येक रूपांतरात नव्या पद्धतीला जे मावते तेवढेच पुढे जाते, उरलेले गळून पडते. काय गळले याची नोंद ठेवली गेली तर त्याची भरपाई करता येते. नोंद नसेल तर रूपांतरित नकाशा मूळ नकाशाइतकाच खरा मानला जातो आणि वादाचे मूळ तेथेच रुजते.

काठीपासून साखळीपर्यंत

निजामशाहीत मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या प्रारंभी केलेली जमाबंदी अहमदनगर प्रदेशात दीर्घकाळ प्रमाण मानली जात होती. मराठेशाहीत जमीन काठीने मोजली जाई. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर हे कोष्टक परिचित आहे. परंतु काठीची लांबी हात आणि मुठी यांवर ठरत असल्याने ती सर्वत्र सारखी नव्हती. शिवाय जमिनीचा कस लक्षात घेऊन बिघा कमीअधिक धरण्याची रीतही होती. म्हणजे बिघा हे केवळ क्षेत्रफळाचे माप नव्हते. त्यात उत्पन्नाचा अंदाजही सामावलेला होता.

१८१८ साली पेशवाई संपल्यावर हा प्रदेश कंपनी सरकारकडे आला. प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली पाहणी अपयशी ठरली. त्यानंतर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत घातली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती अहमदनगर जिल्ह्यातही लागू झाली. या पद्धतीचे मोजमाप तेहेतीस फुटी साखळीवर उभे होते. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, ४३,५६० चौरस फूट. आण्यांची हिशेबपद्धती लोकांच्या अंगवळणी पडलेली होती आणि एकर इंग्लंडचा होता. गुंठ्याने या दोहोंची सांगड घातली.

येथे पहिले मोठे रूपांतर घडले. बिघ्यात एकत्र असलेल्या दोन गोष्टी, क्षेत्र आणि कस, वेगळ्या केल्या गेल्या. क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिले गेले आणि कस प्रतवारीच्या आण्यांत. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. तथापि जुन्या कागदातील बिघे ठराविक संख्येने गुणून एकर काढता येत नाहीत, ही गोष्ट त्यामुळे कायमची ठरली. अठराव्या शतकातील एखाद्या इनाम कागदातील बिघे सरसकट एकरांत बदलणारा अभ्यासक नकळत हीच चूक करतो.

टिपण आणि गावनकाशा

सर्व्हे खात्याने प्रत्येक शेताचे टिपण तयार केले. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवरच काढलेली रेखाकृती. ती प्रमाणात नसते. मात्र शंकू व साखळीने घेतलेली पायारेषेची लांबी आणि पायारेषेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे लंब अंतर तीवर आकड्यांत लिहिलेले असते. या टिपणांवरून गावनकाशा तयार झाला. त्याचे प्रमाण एका इंचास वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, अर्थात १ : ७९२० असे होते. एका मैलास आठ इंच असेही ते सांगता येते.

टिपण आणि गावनकाशा यांतील फरक पुढील सर्व चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. टिपणात आकडे आहेत, नकाशात रेषा आहेत. १ : ७९२० या प्रमाणावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेषा जमिनीवर सुमारे चार मीटर रुंद होते. शंभर मीटर लांबीच्या बांधावर ही रुंदी सुमारे चारशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे भरते. गावनकाशा हा शेतांची परस्पर मांडणी दाखविण्यासाठी होता; बांधाची जागा ठरविण्यासाठी टिपण होते. गावनकाशा तयार करणाऱ्या पिढीला हा भेद ठाऊक होता, म्हणूनच दोन्ही दप्तरे जपली गेली.

दुसरी गोष्ट अशी की, गावनकाशा साधारणतः त्या गावापुरता पूर्ण असे. त्यावर अक्षांश-रेखांशांचे जाळे नसे. त्याच काळात विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभलेले आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालविलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण संपूर्ण देश एका चौकटीत बसवीत होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांचा पाया हे सर्वेक्षण होय. बेलापूर परिसर या मालिकेतील ४७ आय/१० या क्रमांकाच्या पत्रकात येतो. एकच गाव दोन खात्यांच्या दोन नकाशांत होते. परंतु महसुली नकाशाला देशातील आपली जागा ठाऊक नव्हती आणि स्थलनिर्देशक नकाशाला शेताचा बांध ठाऊक नव्हता. या दोहोंची जोडणी करण्याचे काम दीडशे वर्षांनी जीआयएसच्या वाट्याला आले.

कालवे, कारखाना आणि गट

१८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. १९२६ साली भंडारदरा येथील धरण पूर्ण झाले आणि प्रवरेचे डावा व उजवा हे कालवे या परिसराचे आर्थिक अंग बनले. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्यांच्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेण्यात आल्या. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये कारखान्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाने त्या कसल्या. खंडकरी शेतकऱ्यांचा दीर्घ लढा होऊन या जमिनींचे वाटप २०१२ पासून प्रत्यक्षात येऊ लागले.

या घटनाक्रमाचा नकाशाशी निकटचा संबंध आहे. विस्तीर्ण मळ्यात एकत्र कसल्या जाणाऱ्या जमिनीत जुने बांध टिकून राहण्याचे कारण उरत नाही. बांध मोडतो, चाऱ्या व शिवाररस्ते नव्या दिशेने जातात, हद्दीचे दगड नांगराखाली जातात. अशा जमिनीत जुना सर्व्हे नंबर कागदावर असतो, शेतात नसतो. तो पुन्हा जागेवर उतरवावयाचा झाल्यास रेषेचा उपयोग थोडा आणि आकड्यांचा अधिक. ज्या नंबराचे टिपण सुस्थितीत आहे त्याची हद्द पुन्हा उभी करता येते. जेथे केवळ नकाशाची नक्कल उरली तेथे चार मीटरांच्या रेषेवर विसंबावे लागते. एका कुटुंबाला तीन पिढ्यांनी परत मिळणारी जमीन नेमकी कोठे आहे, हा प्रश्न अशा प्रकारे मूळ दप्तराच्या जतनाशी जोडला जातो.

याच शतकात आणखी दोन रूपांतरे घडली. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने, ज्या गावांत योजना अंमलात आली तेथे, सर्व्हे नंबर व पोटहिस्से यांच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारे पत्रक हाच दोहोंमधील एकमेव दुवा राहिला. त्यानंतर १९५६ च्या मापविषयक कायद्याने दशमान पद्धती आणली आणि एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. व्यवहारात गुंठा आणि आर एकच समजण्याची सवय आजही आहे. हा फरक एका गुंठ्यास नगण्य वाटतो. परंतु दहा एकरांचे, म्हणजे चारशे गुंठ्यांचे, योग्य रूपांतर ४ हेक्टर ४.६९ आर होते. गुंठ्यास आर समजून ४ हेक्टर लिहिले तर ४६९ चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठ्यांहून अधिक क्षेत्र जमीन न हलता कागदावरून नाहीसे होते.

संगणकाचे आगमन

कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली आकारास आली. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८२ साली नैसर्गिक साधनसंपत्ती माहिती व्यवस्थापनाचा कार्यक्रम सुरू केला. १९८८ साली आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली ‘ग्राम’ व तिची पुढील आवृत्ती ‘ग्राम प्लस प्लस’ ही देशी आज्ञावली महाराष्ट्रातील या क्षेत्राच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. परदेशी आज्ञावलींची किंमत शिक्षणसंस्थांना परवडत नसताना तिने जिल्हा पातळीवरील नियोजनाचे काम देशी साधनाने करून दाखविले.

त्या काळात प्रत्येक आज्ञावलीची माहिती साठविण्याची स्वतःची रीत होती. आर्क-इन्फोचे ‘कव्हरेज’, मॅपइन्फोचे ‘टॅब’, ऑटोकॅडचे ‘डीडब्ल्यूजी’ व देवाणघेवाणीसाठीचे ‘डीएक्सएफ’, मायक्रोस्टेशनचे ‘डीजीएन’ ही त्यांपैकी काही. १९९० च्या दशकात ‘शेपफाईल’ आली आणि १९९८ साली तिची तांत्रिक रचना जाहीर झाल्याने ती अनेक आज्ञावलींची जणू समाईक भाषा बनली. १९९४ साली ओपन जीआयएस कन्सॉर्शियम स्थापन होऊन सर्वमान्य मानके ठरविण्याचे काम सुरू झाले. फ्रँक वॉर्मर्डॅम यांनी १९९८ मध्ये आरंभिलेल्या ‘जीडॅल’ या मुक्त आज्ञावलीने अनेक स्वरूपांमध्ये ये-जा सुलभ केली. २००२ साली सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीच्या पोटातही तीच काम करते. आज एखाद्या ग्रामीण महाविद्यालयाचा विद्यार्थी खर्च न करता जे रूपांतर करतो, त्यामागे हा इतिहास आहे.

रूपांतरात काय हरवते

पहिले उदाहरण बांधाचे. कव्हरेज या स्वरूपात दोन शेतांमधील बांध एकदाच नोंदविला जातो आणि त्याच्या डाव्या बाजूस कोणते शेत व उजव्या बाजूस कोणते, हे त्याच नोंदीत लिहिलेले असते. शेपफाईलमध्ये प्रत्येक शेत आपली संपूर्ण सीमा स्वतंत्रपणे बाळगते. त्यामुळे एकच बांध दोनदा येतो. जोवर दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात तोवर अडचण नसते. परंतु पुढे एका शेताची सीमा दुरुस्त केली आणि शेजारच्या शेताची राहून गेली, तर दोहोंमध्ये फट पडते अथवा एक शेत दुसऱ्यावर चढते. बांध सामाईक असतो, ही गावात प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट त्या स्वरूपाला सांगताच येत नाही. फट म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन आणि चढ म्हणजे दोघांची असलेली जमीन; महसूल कायद्याला दोन्ही अमान्य आहेत.

दुसरे उदाहरण ऑटोकॅडच्या नकाशांचे. डीएक्सएफमध्ये रेषा, थर आणि अक्षरे असतात. गट क्रमांक शेताच्या मध्यभागी लिहिलेला दिसतो. पण तो त्या शेताला जोडलेला नसतो, केवळ त्या जागी ठेवलेला असतो. माणसाचा डोळा दोहोंचा संबंध लावतो, यंत्र लावत नाही. अरुंद पट्ट्यात अक्षरे मावली नाहीत म्हणून क्रमांक शेजारच्या शेतात सरकवून लिहिला असेल, तर रूपांतरानंतर तो शेजाऱ्याचा होतो. सीमारेषा कोठे पूर्ण मिटलेली नसेल तर त्या शेताचे क्षेत्रच निघत नाही.

तिसरे उदाहरण पृथ्वीच्या आकाराचे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या लंबगोलावर आधारलेले होते. उपग्रहाधारित जीपीएस यंत्रणा डब्ल्यूजीएस-८४ ही चौकट वापरते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या मालिकेचे नकाशे या नव्या चौकटीत व यूटीएम प्रक्षेपणात देण्याचे ठरविले. जुन्या पत्रकावरील अक्षांश-रेखांश कोणताही बदल न करता नव्या चौकटीतील मानले, तर बेलापूर परिसरात प्रत्येक बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे चौसष्ट मीटर असते हे लक्षात घेतले, तर हे शेत आपल्या जागेवरून पूर्णपणे उठून शेजाऱ्यांच्या हद्दीत जाऊन बसते. शेपफाईलसोबत असणारी ‘पीआरजे’ ही छोटी फाईल कोणती चौकट वापरली ते सांगते. नक्कल करताना ती मागे राहिली तर उरलेली माहिती प्रमाण फाडून टाकलेल्या नकाशासारखी होते.

प्रक्षेपणाचाही मुद्दा याच प्रकारचा आहे. यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांश असून बेलापूर तिच्या किंचित पश्चिमेस येते. मध्यरेषेजवळ या प्रक्षेपणात अंतरे दहा हजारांस चार या प्रमाणात आखूड भरतात. दहा एकरांच्या क्षेत्रात त्यामुळे सुमारे तीस चौरस मीटरांची तूट दिसते. ती चूक नव्हे, त्या प्रक्षेपणाचा गुणधर्म आहे. परंतु सातबारावरील क्षेत्राशी तुलना करणाऱ्यास तो ठाऊक नसेल तर त्याला ती चूक वाटेल. शिवाय ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलत असल्याने विदर्भाचा पूर्वभाग ४४ व्या पट्ट्यात जातो. राज्याचा एकसंध नकाशा करताना यांपैकी एका भागाला आपले आकडे बदलावे लागतात.

नाव आणि लिपी

चौथे उदाहरण नावाचे. लोहमार्ग बेलापूर गावापासून काही अंतरावरून गेला आणि स्थानकाला बेलापूर हे नाव मिळाले. त्या स्थानकाभोवती वाढलेले शहर म्हणजे आजचे श्रीरामपूर. त्यामुळे रेल्वेच्या माहितीतील बेलापूर श्रीरामपुरात असते, महसुली माहितीतील बेलापूर प्रवरेच्या काठी असते आणि नवी मुंबईतील बेलापूर तिसरेच. त्यात बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द ही दोन गावे, कोठे ‘बु.’ व ‘खु.’ अशी संक्षिप्त रूपे, कोठे केवळ ‘बेलापूर’. केवळ नावावरून दोन तक्ते जोडणारी आज्ञावली यातील एकाची लोकसंख्या दुसऱ्याला देऊ शकते. संकेतांकाने जोडावे म्हटले तर २००१ व २०११ च्या जनगणनेतील गावांचे संकेतांक सारखे नाहीत. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाल्याने जुन्या व नव्या तक्त्यांत आणखी एक भेद निर्माण झाला आहे. नामांतराचा निर्णय एका दिवसात अमलात येतो. पण पूर्वीच्या सर्व फायलींतील नाव आपोआप बदलत नाही, आणि ऐतिहासिक माहितीत ते बदलूही नये.

लिपीची अडचण याहून सूक्ष्म आहे. १९९० च्या दशकात व त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत लिहिला जाई. १९९१ साली इस्की हे भारतीय लिपींचे संकेतमानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही प्रत्यक्षात टंकागणिक संकेत वेगळे राहिले. पडद्यावर ‘बेलापूर’ दिसत असले तरी साठवणीत रोमन चिन्हांची अर्थहीन माळ असे. तो टंक नसलेल्या संगणकावर ती माळच दिसे. युनिकोड रूढ झाल्यावरही शेपफाईलची जुनी चौकट आड येते. तिच्या तक्त्यातील रकान्याच्या नावास दहा बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बेलापूर’ या शब्दात स्वरचिन्हांसह सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. देवनागरीत रकान्याचे नाव तीन चिन्हांपलीकडे जात नाही. म्हणून मराठी माहितीचे तक्तेही इंग्रजी आद्याक्षरांच्या रकान्यांत भरले जातात आणि त्यांचा अर्थ करणाऱ्यालाच ठाऊक राहतो. जिओपॅकेज या २०१४ सालच्या खुल्या मानकात ही मर्यादा नाही. तथापि सवय मानकापेक्षा हळू बदलते.

आजची स्थिती आणि जबाबदारी

२००८ साली राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला व २०१६ पासून तो डिजिटल इंडियाचा भाग बनला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भूनकाशा या प्रणालीने महाराष्ट्रात गावनकाशे सर्वसामान्यांसाठी पडद्यावर आणले. २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी होऊ लागली. शेताच्या सीमाबिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवर आधारित चौदा अंकी भू-आधार क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचना व डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण यांनी नकाशा-माहितीवरील पूर्वीचे बरेचसे निर्बंध दूर केले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. गावनकाशा पाहण्यासाठी शेतकऱ्याला पूर्वी जितके हेलपाटे घालावे लागत तितके आता लागत नाहीत. परंतु पडद्यावरील नकाशाचा एक गुणधर्म विसरून चालत नाही : तो कितीही मोठा करून पाहता येतो. १ : ७९२० च्या कागदावरून उचललेली रेषा दहापट मोठी केली तरी ती बारीकच दिसते. कागदावरील जाड रेषा आपली अनिश्चितता स्वतःच सांगत होती. संगणकावरील केसाएवढी रेषा ती लपविते. त्या रेषेच्या आधारे, उपग्रहचित्रावर नकाशा ठेवून, शेजाऱ्याने बांध कोरल्याचा निष्कर्ष काढणे सोपे झाले आहे. चार मीटरांची शाई, रूपांतरातील सरक आणि उपग्रहचित्राची स्वतःची त्रुटी एकत्र आली की अतिक्रमण नसतानाही अतिक्रमण दिसते. बागायती पट्ट्यात असा आभास दोन घरांमधील संबंध कायमचे बिघडविण्यास पुरेसा असतो. म्हणूनच हद्दीचा निर्णय आजही प्रत्यक्ष मोजणीनेच होतो.

निष्कर्ष

पूर्वोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नकाशा-माहितीचे रूपांतर ही संगणकयुगातील नवी समस्या नाही. बिघा ते एकर, एकर ते हेक्टर, सर्व्हे नंबर ते गट या प्रत्येक टप्प्यावर हीच समस्या वेगळ्या रूपात उपस्थित झाली होती.

२. प्रत्येक रूपांतरात नव्या पद्धतीच्या चौकटीत न बसणारा भाग गळतो. एकराने बिघ्यातील कस वगळला, गावनकाशाने टिपणातील आकडे वगळले, शेपफाईलने बांधाचे सामाईकपण वगळले.

३. एकोणिसाव्या शतकातील भूमापन खात्याने टिपण आणि नकाशा दोन्ही जपले. आजच्या संगणकीकरणात नकाशाला प्राधान्य मिळाले असले तरी पुराव्याच्या दृष्टीने टिपणाचे मोल अधिक आहे. टिपणांचे आकड्यांसह संगणकीकरण व मूळ कागदांचे जतन यांना समान महत्त्व देणे आवश्यक आहे.

४. प्रत्येक रूपांतरित फाईलीसोबत मूळ नकाशाचे प्रमाण व वर्ष, वापरलेली चौकट व प्रक्षेपण, रूपांतराचा दिनांक आणि आढळलेली त्रुटी यांची नोंद मराठीत असावी.

५. ग्रामनामांच्या बाबतीत नाव व संकेतांक दोन्ही ठेवून जुन्या नावांचा स्वतंत्र रकाना राखावा. जुने नाव पुसून नवे लिहिणे ही दुरुस्ती नसून इतिहासाचा लोप आहे.

या कामात महाविद्यालयांना मोठा वाव आहे. भूगोल विभागाकडे आज्ञावली व ती हाताळण्याचे कौशल्य असते; इतिहास विभागाकडे जुनी मापे, मोडी लिपी व दप्तर वाचण्याची परंपरा असते. दोघांनी मिळून परिसरातील एका गावाचा नकाशा जरी टिपणापासून फाईलीपर्यंत तपासला आणि प्रत्येक टप्प्यावर काय बदलले ते लिहून ठेवले, तरी गावाला आपल्या जमिनीचा विश्वासार्ह इतिहास मिळेल. साखळी धरणाऱ्या मोजणीदाराने आपले आकडे पुढच्या पिढीसाठी कागदावर ठेवले होते. माऊस धरणाऱ्या पिढीकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.